व्यवसाय आणि व्यासंग

दिवसाचे उत्तम तास व्यवसायाला गेले म्हणजे गाण्याच्या आणि छायाचित्रणाच्या वांट्याला उरतो तो केवळ शिणवटा, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांत तर ती फारच. कारण त्या कामाला थांबणें ठाऊक नसतें. या तक्रारीचा विचार करतांना डोनाल्ड नूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाचें उदाहरण उद्बोधक ठरतें.

नूथ यांचा जन्म १९३८ सालीं मिलवॉकी येथें झाला. वडील शिक्षक, शिवाय चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत. वाद्याची गोडी मुलाला घरींच लागली. महाविद्यालयांत जातांना संगीत घ्यावें कीं पदार्थविज्ञान, हा प्रश्न उभा राहिला. त्यांनीं विज्ञान निवडलें. पण संगीत सोडलें नाहीं. पुढें राहत्या घरांत नळ्यांच्या सोळा रांगांचा ऑर्गन बसविला.

१९६२ सालीं आज्ञावली रचण्याच्या कलेवरील ग्रंथास त्यांनीं हात घातला. बेत सात खंडांचा ठरला. १९६८ ते १९७३ या काळांत तीन खंड निघाले. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें हातीं आलीं, आणि तीं बेढब अक्षरें पाहून त्यांचें मन विटलें. बेसूर स्वर ज्याप्रमाणें गवयाला सहन होत नाहीं, त्याप्रमाणेंच हें झालें. ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनीं पानें जुळविणारी ‘टेक’ ही आज्ञावली रचावयास घेतली. थोडक्यांत आटोपेल असें वाटलेलें तें काम सुमारें एक दशक चाललें. पण जगांतील गणिताचें मुद्रण त्यानें सुधारलें. कलेची दृष्टि येथें व्यवसायाची वैरीण न होता त्याची गुरु झाली.

छायाचित्रणाचा छंद त्यांनीं निराळ्या रीतीनें जोपासला. प्रवासांत पत्नी जिल यांच्यासह ते रस्त्यावरील कोनावर उभ्या केलेल्या चौकोनी सूचनाफलकांचीं चित्रें टिपीत आणि प्रत्येकाचें स्थान नोंदवून ठेवीत. या छंदाला निराळा वेळ काढावा लागला नाहीं. वाटेनें जातां जातां तो साधला.

संगीतरचनेला मात्र वर्षें लागतात, आणि तीं कोठून तरी काढावीं लागतात. नूथ यांनीं १ जानेवारी १९९० पासून ई-मेल बंद केलें. १९९३ सालीं, पंचावन्नाव्या वर्षीं, लेखनासाठीं अध्यापनांतून निवृत्ति घेतली. बायबलच्या अखेरच्या ग्रंथावर आधारलेली त्यांची ऑर्गनरचना स्वीडनमधील पिटिओ येथें १० जानेवारी २०१८ रोजीं, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, प्रथम वाजविली गेली.

याची किंमत पडलीच. चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ सालीं निघाला तेव्हां आरंभास साठ वर्षें लोटलीं होतीं, आणि सात खंडांचा बेत अपुराच होता. संगीताला दिलेलीं वर्षें ग्रंथाच्या हक्काचीं होतीं, असें कोणी म्हटल्यास त्याला खोडून काढणें सोपें नाहीं. परंतु तीं वर्षें ग्रंथाला दिलीं असतीं, तर लिहिणारा तोच मनुष्य राहिला असता काय?

सर्वांनाच निवृत्ति घेतां येत नाहीं, कीं पत्रव्यवहार तोडतां येत नाहीं. पण तोल म्हणजे तासांची समान वांटणी नव्हे. कशाला नाहीं म्हणावयाचें, याचा तो निर्णय होय. कचेरींतून आलेल्या मनुष्यानें रात्रीचा एकच तास तानपुऱ्यासाठीं राखला आणि त्या तासांत दूरध्वनि बाजूला ठेवला, तरी त्या निर्णयाचा आरंभ झाला असें समजावें.