गाडी सुटण्यापूर्वी
रस्ते-मालवाहतूक, कायद्याचे पालन आणि संगणक

(मालवाहतूक व्यवसायातील मालक, चालक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



ज्या घरात मालवाहतुकीचा व्यवसाय आहे, त्या घराला अपरात्री वाजणारा फोन नवा नसतो. गाडी तीनशे-चारशे किलोमीटर दूर कुठेतरी उभी असते. अधिकाऱ्याने कागद मागितलेले असतात. विम्याची प्रत मागच्या वर्षाची निघते, पीयूसीची मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली असते, किंवा ई-वे बिलावरचा क्रमांक आणि गाडीच्या पाटीवरचा क्रमांक जुळत नाही. इकडे मालक डोळे चोळत कपाटातली फाईल शोधू लागतो. तिकडे चालक काळोखात, परमुलुखात, जी चूक त्याने केलेली नाही तिचा जाब देत उभा असतो. नाशवंत माल असेल तर तोही गाडीतच उभा असतो.

असा प्रसंग घडला की दैवाला बोल लावण्याची सवय या व्यवसायात रुजली आहे. वस्तुतः त्याचे मूळ गाडी सुटण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत असते. त्या दहा मिनिटांत काय पाहायला हवे आणि ते पाहण्यासाठी संगणकाचे साह्य कसे घेता येईल, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

मुद्रेची जुनी परंपरा

मालाबरोबर कागद असला पाहिजे, ही कल्पना परकीय नाही आणि नवीही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरच्या अंतपालाची कर्तव्ये सांगितली आहेत. मालाच्या वाहनामागे सव्वा पण वर्तनी, म्हणजे रस्त्याचा कर, त्याने घ्यावा. परदेशातून आलेल्या सार्थाचा माल तपासून, त्यावर खूण व मुद्रा करून, तो शुल्काध्यक्षाकडे पाठवावा. याच प्रकरणात आणखी एक कर्तव्य आहे. वाटेत काही हरवले वा चोरीस गेले, तर त्याची भरपाई अंतपालाने करावी. राज्याने कर घ्यावा, मुद्रा तपासावी आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवावी, असा हा परस्पर करार होता. आजच्या परवान्यांकडे आणि प्रमाणपत्रांकडे याच दृष्टीने पाहिले, तर त्यांचा अर्थ उलगडतो. प्रत्येक कागदामागे कुणाचे तरी रक्षण दडलेले आहे.

एका फेरीमागचे दायित्व

एक मालवाहू गाडी कायद्याने रस्त्यावर यायची, तर काय काय लागते? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी, परवाना, विमा आणि पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पीयूसीची मुदत वेगळी. चालकाच्या परिवहन अनुज्ञप्तीची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकासाठी ती तीन वर्षांची आहे. यात मालाच्या कागदांची भर पडते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या, पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल अनिवार्य झाले. त्याचा पहिला भाग मालाचा आणि दुसरा गाडीचा. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरला, तर दुसरा भाग तत्काळ बदलावा लागतो.

आता दहा गाड्या आणि बारा चालक असलेल्या मालकाचे गणित मांडून पाहावे. गाडीमागे पाच-सहा मुदती, चालकामागे एक-दोन, आणि रोज निघणाऱ्या प्रत्येक मालाची स्वतंत्र मुदत. शंभराच्या आसपास तारखा एका माणसाने डोक्यात किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ठेवायच्या, ही अपेक्षाच चुकीची आहे. एरवी प्रामाणिक असलेला मालकही येथे दोषी ठरतो. त्याचा हेतू वाईट नसतो. त्याची स्मृती अपुरी पडते.

मुदत चुकल्याची किंमत मोठी असते. हैदराबादेत कागदाचा माल नेणाऱ्या एका व्यापाऱ्याचे ई-वे बिल जानेवारी २०२० मध्ये वाटेत रस्ते अडल्यामुळे मुदतबाह्य झाले. कर व दंड मिळून ६९ हजार रुपये त्याला भरावे लागले. तेलंगणा उच्च न्यायालयाने ते परत करण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. केवळ मुदत संपली म्हणून कर चुकवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, हे मान्य झाले. न्याय मिळाला, परंतु दोन वर्षे आणि दिल्लीपर्यंतची वाट चालून. ई-वे बिलाची मुदत संपण्याच्या आठ तास आधी आणि आठ तास नंतर ती वाढवून घेण्याची सोय नियमात आहे. त्या सोळा तासांत कुणीतरी जागे असणे, एवढेच आवश्यक असते.

जागा राहणारा मुनीम

संगणकाची वाहतूक व्यवस्थापन प्रणाली म्हणजे हा जागा राहणारा मुनीम होय. गाड्या, चालक, ग्राहक आणि मार्ग यांच्या नोंदी तिच्यात एकदा भरल्या, की फेरी ठरवताना ती तीन गोष्टी करते. पहिली, सर्व मुदती तपासते आणि संपत आलेल्या मुदतीची सूचना काही दिवस आधी देते. दुसरी, बिल्टी, ई-वे बिल आणि गाडीचा क्रमांक एकाच नोंदीतून तयार करते. त्यामुळे तीन ठिकाणी तीन क्रमांक लिहिले जाण्याची चूक टळते. तिसरी, गाडी वाटेत असताना तिची जागा पाहून, उशीर होत असल्यास कार्यालयाला वेळेवर कळवते.

ही माहिती आता सरकारी नोंदींशी ताडून पाहता येते. गाडीची नोंदणी, पासिंग, विमा आणि परवाना ‘वाहन’ या प्रणालीत, तर चालकाची अनुज्ञप्ती ‘सारथी’त आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. त्यातील ‘युलिप’ या एकत्रित मंचामुळे वाहन, सारथी, फास्टॅग अशा अनेक सरकारी प्रणालींची माहिती खासगी संगणक प्रणालींना मिळवता येऊ लागली. डिजिलॉकर वा एम-परिवहनमधील कागदपत्रे २०१८ पासून मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत.

तपासणीही बदलली आहे. ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय नियमाने कॅमेरे आणि वजनयंत्रे यांच्या आधारे चलन काढण्याची व्यवस्था घातली. ओडिशा आणि बिहार यांसारख्या राज्यांत टोलनाक्यावरून गाडी गेली की मुदत संपलेले कागद संगणकच ओळखतो. या कॅमेऱ्याशी तोडपाणी करता येत नाही. ज्यांनी आजवर सचोटीने व्यवसाय केला, त्यांना ही गोष्ट अडचणीची वाटण्याचे कारण नाही.

नाही म्हणण्याचा अधिकार

आता खऱ्या कसोटीकडे वळले पाहिजे. प्रणाली घेणे सोपे आहे. तिचे ऐकणे कठीण आहे.

वजनाचा विषय घ्यावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. तरीही तीन टन जादा भरण्याचा आग्रह होतोच. केंद्रीय कायद्यात त्याला वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. तीन टनांचे सव्वीस हजार झाले. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. तीन टनांचे जादा भाडे बहुतेक मार्गांवर याच्या जवळपासही जात नाही. दंड टळला तरी हानी टळत नाही. आसावरचा भार वाढला, की रस्त्याची झीज ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते, असे रस्ते-अभियंते मानतात. म्हणजे भार वीस टक्के वाढला तर झीज दुप्पट. सर्वांच्या करातून बांधलेला रस्ता एका फेरीच्या लोभापायी खचतो आणि घाटउतारावर ब्रेक निकामी झाले, तर त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

वजनकाट्याची पावती जोडल्याशिवाय बिल्टी निघणार नाही, अशी व्यवस्था प्रणालीत करता येते. प्रश्न इतकाच, की जुना ग्राहक फोनवर रागावला तर मालक ती व्यवस्था बाजूला सारणार की नाही? चलाख माणूस संगणकालाही खोटे शिकवतो. खोटे वजन, कालची तारीख, घरी बसलेल्या दुसऱ्या चालकाचे नाव, असे सारे पडद्यावर हिरवे दाखवता येते. अशी प्रणाली जुन्या फाईलपेक्षा घातक ठरते, कारण ती मालकाचीच फसवणूक करते. म्हणून ज्या मालकाने प्रणालीला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार दिला आणि तो स्वतःवरही चालू दिला, त्यानेच ती खऱ्या अर्थाने घेतली, असे म्हणावे लागेल.

चालकाचे आठ तास

दुसरा विषय चालकाच्या विश्रांतीचा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली होती. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे. दिवसाला आठ तासांचे सूत्र तीतही कायम आहे.

न्हावा शेवाच्या बंदरातून कंटेनर घेऊन दिल्लीकडे निघालेली गाडी पाहावी. अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. सरासरी वेग तासाला चाळीस धरला, तर निव्वळ चालवण्याचे पस्तीस तास होतात. एका चालकाला ते चार-पाच दिवसांचे काम आहे. १ जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. म्हणजे या फेरीला सात दिवस मिळतात. कायद्याने वेळ भरपूर दिला आहे. तरीही एकच चालक दोन रात्री जागून दिल्ली गाठतो, कारण भाड्याच्या बोलीत ‘परवा सकाळी माल पोहोचवतो’ असा शब्द गेलेला असतो. घाई सरकारची नाही. ती बोलीतून आलेली आहे.

प्रणाली हे गणित भाडे ठरवतानाच समोर ठेवते. एवढ्या वेळात माल हवा असेल तर दोन चालक द्यावे लागतील आणि त्यांचा खर्च भाड्यात धरावा लागेल, हे ग्राहकाला आकड्यांनिशी सांगता येते. काल रात्री परतलेल्या चालकाचे नाव ती आज पहाटेच्या फेरीसाठी पुढे करत नाही. कारखान्याच्या फाटकावर गाडी किती तास खोळंबली याचीही नोंद राहते. हॉल्टिंगचे पैसे मागताना ती उपयोगी पडते आणि तो खोळंबा रात्री वेग वाढवून भरून काढण्याचा मोह कमी होतो. चालकाला त्याची स्वतःची नोंद पाहू दिली, तर हे यंत्र आपल्यावर पाळत ठेवत नसून आपली बाजू लिहून ठेवत आहे, असा विश्वास त्याला वाटू लागेल.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या आकड्यात चालकही आहेत, पादचारी आहेत, दुचाकीवरून घरी परतणारे आहेत. प्रत्येकासाठी कुठेतरी ताट वाढून ठेवलेले होते. कायद्याच्या पालनाचा विचार करताना दंडाच्या रकमेच्या आधी हा आकडा डोळ्यांसमोर यायला हवा.

छोट्या मालकाने काय करावे

या देशातील बहुसंख्य ट्रक एक-दोन किंवा चार-पाच गाड्यांच्या मालकांचे आहेत. त्यांनी महागडी प्रणाली कशी घ्यावी, हा रास्त प्रश्न आहे. एका गाडीच्या मालकाला तिची गरजही नाही. ई-वे बिल आणि परिवहनची सरकारी संकेतस्थळे, डिजिलॉकर आणि भ्रमणध्वनीतली स्मरणसूचना एवढ्यावर त्याचे काम भागते. ज्यांच्या दहा-बारा गाड्या आहेत, त्यांनी एकेकट्याने खर्च करण्याऐवजी एका गावातील पाच-सहा जणांनी मिळून एक प्रणाली आणि ती चालवणारा एक जाणकार ठेवावा. सहकार महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. साखर आणि दूध ज्याने एकत्र आणले, त्याला तारखा एकत्र आणणे अवघड नसावे.

येथे सुशिक्षित तरुण आणि गृहिणी यांना मोठे काम आहे. वडिलांनी आयुष्यभर गाडी चालवून ज्यांना वाणिज्य वा संगणकाचे शिक्षण दिले, त्या मुला-मुलींनी महिन्यातला एक रविवार घरच्या गाडीच्या नोंदींसाठी द्यावा. शेजारच्या ज्या चालकाला इंग्रजी पडद्यावरचा संदेश वाचता येत नाही, त्याला तो मराठीत समजावून द्यावा. अशा कामाला व्यासपीठ लागत नाही, हारतुरे मिळत नाहीत. पण त्यातून एक गाडी निर्धास्त सुटते.

आज येथून घरी गेल्यावर प्रत्येक मालकाने एक गोष्ट करावी. उद्या सुटणाऱ्या गाडीचे सर्व कागद, तिचे वजन आणि चालकाची कालची झोप, ही तिन्ही गाडी सुटण्यापूर्वी दहा मिनिटे तपासावीत. तिन्हींपैकी एकातही खोट आढळली, तर गाडी थांबवावी. भाडे उद्याही मिळेल. चालक सुखरूप घरी परतला पाहिजे.