दोन तारखांच्या मधले दिवस



अध्यक्षाला शेवटी बोलायला लावतात, तोवर सभागृहाचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं. आजचा विषयही जेवणाशीच बांधलेला आहे, म्हणून थोडा वेळ मागून घेतो.

टाइप वन मधुमेहाचं मूल सापडलं की आपण चिठ्ठी लिहून ते परळला पाठवतो. योग्यच आहे. तिथल्या वाडिया किंवा केईएम रुग्णालयात इन्शुलिनचा डोस ठरतो, आई कागद घेऊन लोकलने कर्जतला, खोपोलीला परतते. पुढची तारीख थेट काही आठवड्यांनंतरची. मधल्या दिवसांत साखर चढते-उतरते ती इथे, वाडी-वस्तीवर. हे दिवस सांभाळणं आपलं काम आहे, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी निदानाचं. भर पावसात धापा टाकणारं, उलट्या करणारं लहान पोर आलं की न्यूमोनिया आठवतो. पोट दुखत असेल तर जंत. पण मधुमेहाने रक्तात आम्ल साठलं तरी मूल असाच खोल, भरभर श्वास घेतं. खूप तहान लागतेय, अंग उतरलंय, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होतंय, हे आईला ठाऊक असतं. फक्त कुणीतरी विचारावं लागतं. बोटाच्या एका थेंबावर मशीन साखरेचा आकडा दाखवतं. लक्षणं असताना तो 200 च्या वर गेला, तर मूल त्याच दिवशी हलवायचं. अशक्तपणा वाटला म्हणून ग्लुकोजची बाटली लावून ‘सकाळी बघू’ म्हणणं या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

आता सुईकडे येतो. 12 किलोच्या मुलाला दिवसभराचं इन्शुलिन साधारण 8-10 युनिट लागतं. एवढ्याशा देहात एका युनिटने साखर दीडशेनेही उतरू शकते. सिरिंजवरची एक रेघ इकडे-तिकडे झाली, तर बापाला जाणवणारही नाही, मुलाला मात्र झटका येऊ शकतो. त्यात आपल्याकडे इन्शुलिन दोन ताकदींचं मिळतं: 40 चं आणि 100 चं. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने 4 रेघांपर्यंत भरलं, की अंगात 10 युनिट गेलं. दुकानदार ‘सगळ्या सारख्याच’ म्हणत पुढ्यात ठेवतो ती सिरिंज बाटलीशी ताडून बघायला आशाताईंना शिकवलं, तर मोठ्या तपासण्यांनी वाचतात तितकेच जीव वाचतील.

साधं इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. पण तीन वर्षांचं मूल घड्याळ पाळत नाही. सुई टोचून झाली, दोन घास खाल्ले आणि स्वारी अंगणात! आई ताट घेऊन मागे. अशा मुलाला जलद इन्शुलिन परवडत असेल तर जेवण बघून, जेवल्यावर लगेच द्यायची मुभा डॉक्टर देतात. ती विचारून घ्यावी. आणि कृपा करून ‘भात बंद’ लिहू नका. इथे ताटात भात आणि भाकरीही तांदळाची; बंद करून ते पोर खाणार काय? रोज तीच वाटी, तेवढाच भात, सोबत डाळ किंवा अंडं, एवढं जमलं तरी डोस बसवता येतो.

साखर 70 च्या खाली गेली की मूल घामेजतं, थरथरतं, कधी उगाच चिडून रडतं. शुद्धीवर असेल तर सपाट चमचाभर साखर पाण्यात विरघळवून पाजा, 15 मिनिटांनी पुन्हा बोट तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. तापात मूल जेवलं नाही म्हणून इन्शुलिन पूर्ण बंद करणं ही दुसरी घोडचूक. डोस कमी-जास्त होईल, पण बंद नाही. झाडपाला देऊन सुई सोडवतो म्हणणारे आहेतच. त्यांना एकदा 1922 मध्ये इन्शुलिन येण्याआधी अशा मुलांचं काय व्हायचं ते विचारा.

आईला मात्र ‘गोड फार भरवलंस’ असं ऐकवू नका. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या पेशी मारते. यात लाडूचा दोष नाही.

फ्रीज नसलेल्या घरी इन्शुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात सावलीला राहतं. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात ते पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका.

खरी अडचण शाळेत आहे. सीबीएसईने 2017 मध्ये अशा मुलांना परीक्षेच्या वर्गात खाऊ नेऊ दिला. आपल्या आश्रमशाळेत मात्र पहिलीतल्या पोराला दुपारची सुई कोण देणार, याला उत्तर नाही. म्हणून आईबाप मुलाला घरीच ठेवतात. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ संस्थेने मुलांना आणि पालकांना शिकवून हाताशी धरण्याचं काम उभं केलंय. तेवढं मोठं इथे लगेच होणार नाही, पण प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना बोट तपासणं आणि साखरपाणी देणं एका दुपारी शिकवता येतं.

चिटणिसांनी तयार केलेल्या ठरावात आरोग्य केंद्रं आहेत, दोन्ही टोपणांच्या सिरिंजा आहेत, साखर तपासायच्या पट्ट्यांचा पुरवठा आहे. शाळा राहिल्यात. त्या घालून घ्या आणि मग मतदानाला टाका.