पाचातून आठ जात नाहीत

(दहावीच्या २००० सालच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘डिजिटल युगातली शाळा’. वेळ दिली आहे पंधरा मिनिटं. त्यानंतर मिसळ आहे हे व्यासपीठावरून दोनदा जाहीर झालंय, त्यामुळे सोळाव्या मिनिटाला इथे कोण असेल याची मला कल्पना आहे. मागच्या बाकावरची मंडळी आजही मागच्याच रांगेत आणि दाराजवळ बसली आहेत.

गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर एकच चर्चा चालू आहे, शाळेला भेट काय द्यायची. वर्गणी छान जमली आहे. बहुतेकांचं मत पडलं की एक डिजिटल वर्ग उभारून द्यावा: बोटाने चालणारा मोठा फळा आणि तीस टॅब. मी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातही शाळांसाठीची ॲप बनवणाऱ्या कंपनीत, म्हणून कोटेशनं मागवायचं काम माझ्याकडे आलं. ती आली आहेत, पर्समध्ये आहेत. पण ती वाचण्याआधी माझ्या एका फजितीची हकिगत सांगते.

आधी आपली संगणकाची खोली आठवा. चपला बाहेर, खिडक्या बंद, प्रत्येक यंत्रावर शिवून घेतलेलं कापडी आवरण. एका संगणकासमोर पाच जणी. ‘एंटर’ कोणी दाबायचं यावरून झालेलं माझं एक भांडण अजून मिटलेलं नाही, ती मैत्रीण आज समोर बसली आहे. आपण कीबोर्डचं चित्र वहीत काढून रंगवलं होतं आणि त्याला गुण होते. हसू येतं, पण त्या खोलीनेच माझ्या डोक्यात इंजिनीअरिंगचं खूळ घातलं.

आणि त्याच्याही आधी दूरदर्शनवरची ‘बालचित्रवाणी’. पुण्यात १९८४ साली ही संस्था सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. मला त्यातले प्रयोग फार आवडायचे. फक्त मला एखादी गोष्ट कळली नाही तर ते टीव्हीला कळत नसे, तो पुढे जात असे. हे मी लहानपणी अनुभवलं होतं. मोठेपणी तेच मी कोडमध्ये लिहिलं, आणि लिहिताना माझ्या लक्षातही आलं नाही.

आमचं ॲप तिसरी ते पाचवीच्या गणिताचं. उदाहरण यायचं, मुलाने उत्तर लिहायचं. चुकलं तर ‘पुन्हा प्रयत्न कर’. तीनदा चुकलं तर ॲप स्वतःच उत्तर दाखवायचं, म्हणजे मूल निराश होणार नाही. हा नियम माझा, आणि त्याचा मला अभिमान होता. उदाहरण पूर्ण झालं की एक चांदणी.

मग २०२० चा मार्च आला, शाळा बंद झाल्या. एकाएकी सगळ्यांना ॲप हवं झालं. आम्ही रात्रंदिवस काम करत होतो आणि खरं सांगायचं तर खुशीत होतो. त्याच काळात इथे नाशिकला काय चाललं होतं ते मला पुण्यात बसून माहीत नव्हतं, आईने फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. ‘रेडिओ विश्वास’ हे आपलं ९०.८ वरचं सामुदायिक रेडिओ केंद्र. त्यांनी ‘शिक्षण सर्वांसाठी’ नावाने तिसरी ते दहावीचे पाठ रेडिओवरून सुरू केले. ज्या घरात स्मार्टफोन नाही, तिथल्या मुलांसाठी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ते पाठ दिले. इगतपुरी तालुक्यातल्या शिक्षकांनी तर स्थानिक साहित्य वापरून स्पीकर लावलेले एफएम संच तयार केले आणि साडेचारशेच्या आसपास मुलांच्या हाती दिले. या कार्यक्रमाला २०२२ साली राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत दुसरं बक्षीस मिळालं.

मी हे ऐकलं तेव्हा मनात म्हटलं, रेडिओ? या काळात? आता ते आठवून लाज वाटते. आमच्या ॲपला फोन लागत होता, डेटा लागत होता, आणि एका घरात तीन मुलं असली तर कोणाचा नंबर आधी यावरून रडारड होत होती. रेडिओला यातलं काही लागत नव्हतं. त्या शिक्षकांनी ‘सगळ्यात नवं काय आहे’ हा प्रश्न विचारलाच नाही. मुलाच्या घरात काय पोचेल, तिथून त्यांनी सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याला २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे माहीत आहेत. पुस्तकात क्यूआर कोड छापायची त्यांची कल्पनाही एका शिक्षकाचीच, कुठल्या कंपनीच्या बैठकीतली नव्हे.

रेडिओलाही ‘बालचित्रवाणी’चीच अडचण होती, ऐकणाऱ्याचं चुकतंय हे त्याला कळत नाही. पण आमच्या ॲपला तर ते कळत होतं! प्रत्येक चूक आमच्याकडे येत होती. आणि आम्ही ती मोजून टाकून देत होतो.

हे मला कळलं २०२२ च्या पावसाळ्यात. शाळा सुरू झाल्या होत्या, इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेला कोणीतरी आमचं ॲप घातलेले टॅब दिले होते. आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर त्या शाळेची रेघ सरळ वर चाललेली. इतकी की मी टीमला सामोसे खिलवले होते. म्हटलं, घरी नाशिकला जातेच आहे, तर डोळ्यांनी बघून येऊ.

मी मागे जाऊन बसले. माझ्या पुढ्यात चौथीतली एक मुलगी. पडद्यावर उदाहरण होतं, ३०५ वजा १२८. तिने लिहिलं १. चूक. पुन्हा १. चूक. पुन्हा १. ॲपने उत्तर दाखवलं, चांदणी दिली, पुढचं उदाहरण. सगळं मिळून सहा-सात सेकंद. मी विचारलं, “अगं, तू सोडवत का नाहीस?” ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, “ताई, तीनदा चुकलं की ते स्वतःच सांगतं.” ही युक्ती तिनेच शोधली होती आणि वर्गभर शिकवली होती. त्या वर्गात त्या महिन्यात खरं काही कोणी शोधून काढलं असेल, तर ते तिने. माझ्या कोडमध्ये ‘पूर्ण’ आणि ‘बरोबर’ यांत फरकच नव्हता.

तिथले गुरुजी भले माणूस. ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी तिची वही काढून पुढे ठेवली. वहीत तेच उदाहरण होतं आणि उत्तर होतं २२३.

आता जरा मिसळ विसरा आणि ही वजाबाकी मनात करा. बरोबर उत्तर १७७. मग २२३ कुठून आलं? पाचातून आठ जात नाहीत, म्हणून तिने आठातून पाच घालवले, ३. शून्यातून दोन जात नाहीत, म्हणून दोनातून शून्य, २. तीनातून एक, २. म्हणजे तिने अंदाजपंचे काही लिहिलेलं नव्हतं. तिचा एक नियम होता, मोठ्यातून लहान काढायचा, आणि तो तिने इमानदारीने पाळला होता. शेजारच्या मुलाचं उत्तर १८७. त्याने हातचा घेतला होता, पण दशकातून एककाला दिल्यावर दशक एकाने कमी करायचा राहिला. आणखी एकाचं २७७, त्याचं शतक कमी करायचं राहिलेलं. तीन चुका, तीन वेगळी कारणं, तिघांना समजावायचं तीन वेगळ्या तऱ्हेने. माझं ॲप तिघांनाही एकच सांगत होतं, पुन्हा प्रयत्न कर.

त्या वहीकडे बघताना मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. पाचवीत आले तरी माझंही शून्याशी वैर होतं. बाई फुली मारत नसत. जवळ बोलावून म्हणत, “कसं केलंस, सांग.” मग म्हणाल्या, “तुझ्याकडे शंभराच्या तीन नोटा आणि पाच नाणी. मला एकशे अठ्ठावीस दे. सुटे कुठून आणशील?” मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. सगळा वर्ग हसला, पण बाई म्हणाल्या, “बरोबर. जा, आण.” आणि मी त्या काल्पनिक वाण्याकडे जाऊन शंभराच्या दहा दहाच्या नोटा केल्या, त्यातल्या एका नोटेची दहा नाणी केली. तेव्हापासून शून्य मला कधी आडवं आलं नाही.

पुण्याला परतल्यावर मी शोधायला लागले. सापडलं असं की अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ साली नेमक्या याच विषयावर निबंध लिहिला होता, मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर. त्यांनी ‘बगी’ नावाचा एक खेळ केला होता. त्यात संगणक मुलासारखा चुकायचा आणि होणाऱ्या शिक्षकांनी ओळखायचं की त्याच्या डोक्यात कुठला नियम बसला आहे. तेव्हा आपण कोणी जन्मलोही नव्हतो. आमच्या धंद्यात ‘बग’ दिसला की तो मारायचा असतो. या लोकांनी तो समजून घेण्याची विद्या केली. आणि आपल्या बाई ती कुठलाही निबंध न वाचता करत होत्या.

मग ॲप बदललं. तीन चुकांचा नियम काढला. चुकलेलं उत्तर जसंच्या तसं साठवायला लागलो. दिवसाच्या शेवटी शिक्षकांना एकच पान जातं: या चार मुलांकडून उलटी वजाबाकी होते, या दोघांचं शून्यापाशी अडतं. गुण नाहीत, रंगीत आलेख नाहीत. नेटवर्क नसलं तरी पान तयार होतं, शिक्षक ते फोनवर घेतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे गट त्याप्रमाणे बसवतात. शिकवायचं त्यांनीच. चुकांची यादी करायला जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षिका वह्यांचे गठ्ठे घेऊन आमच्याबरोबर बसल्या, ते काम कोड लिहिण्यापेक्षा जड गेलं. काही उत्तरांना कुठलाच नियम लागत नाही. मूल दमलेलं असतं, किंवा खिडकीशी शेळी आलेली असते. अशा वेळी ॲप लिहितं, ‘कारण कळलं नाही, मुलाला विचारा.’ आमच्या विक्रीच्या लोकांना हे वाक्य मुळीच पसंत नाही. कळत नाही असं सांगणारी वस्तू विकायची कशी, हा त्यांचा सवाल आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. दोनदा ते वाक्य काढायचं ठरलं. अजून आहे. किती दिवस राहील सांगता येत नाही.

आता कोटेशनं. फळा वाईट नाही. भूगोलाच्या सरांनी ज्वालामुखी हातवाऱ्यांनी शिकवला होता आणि तो मला अजून पाठ आहे, तरी खरा ज्वालामुखी फुटताना दिसला असता तर आणखी मजा आली असती. माझी हरकत आहे ती आपण एकमेकांना विचारून वस्तू ठरवली, याला. गेल्या महिन्यात मी इथे पाचवीच्या वर्गशिक्षिकांना भेटले. एका वर्गात ६४ मुलं. त्यांना विचारलं, काय हवं? त्या म्हणाल्या, वह्या बघायला वेळ हवा. तो कुठल्याच कोटेशनमध्ये नाही.

म्हणून माझी सूचना अशी. फळा एक घेऊ, साधा. टॅब तीस नकोत, सहा पुरेत. उरलेली रक्कम बँकेत ठेवू. दोन वर्षांनी बॅटऱ्या फुगतात, चार्जर हरवतात, तेव्हा लागेल. देणगीदाराचं नाव पाटीवर येतं, दुरुस्ती करणाऱ्याचं येत नाही, म्हणून दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही. काय आधी घ्यायचं ते शिक्षकांनी ठरवावं. आणि आपल्यापैकी जे नाशिकला राहतात, त्यांनी आळीपाळीने शनिवारी सकाळी येऊन वह्या लावायला, चुका वेगळ्या काढायला मदत करावी. नावं लिहायला कागद दाराशी ठेवला आहे, मागच्या रांगेच्या अगदी हाताशी. माझ्या कंपनीचं ॲप मी इथे सुचवत नाही, ते बरं दिसणार नाही. पहिले सहा महिने कागद-पेन्सिल चालेल.

बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. बाई, त्या ६४ मुलांच्या वह्यांतल्या वजाबाकीच्या पानांचे फोटो मी मुख्याध्यापिकांच्या परवानगीने काढून आणले आहेत. बहुतेक उत्तरं कशी आली ते मी शोधून काढलं. अकरा उत्तरं मला अजून लागलेली नाहीत. मिसळीनंतर दहा मिनिटं द्याल का?