बैलावरून कोलांटी

ग्रीसच्या क्रीट बेटावर नोसॉस इथं आर्थर एव्हन्स यांनी 1900 साली उत्खनन सुरू केलं. तिथल्या राजवाड्यात भित्तिचित्राचे तुकडे मिळाले. जोडल्यावर दिसला चौखूर उधळलेला बैल. शिंगं धरून एक जण पुढे उभा, तांबूस वर्णाचा दुसरा बैलाच्या पाठीवर उलटा, आणि मागे हात पसरून तिसरा. पुढची-मागची माणसं पांढऱ्या रंगात आहेत. मिनोअन, म्हणजे क्रीटच्या त्या प्राचीन संस्कृतीतल्या, चित्रांत पांढरा रंग बायकांचा, म्हणून एव्हन्सनी त्या मुली ठरवल्या. आजही त्यावर वाद आहे.

शिंगं धरायची, बैलानं मान उडवली की कोलांटी घेऊन पाठीवर यायचं, असं एव्हन्स सांगत. पण चिडलेला बैल मान सरळ वर थोडाच उडवतो? तो आडवी हिसडतो, असं रोडिओतल्या, म्हणजे बैलांशी झुंजण्याच्या अमेरिकी खेळातल्या, जाणकारांचं म्हणणं. मला ते जास्त पटतं. पाठीवरून थेट झेप घेणारेही काही मुद्रांवर दिसतात.

इजिप्तमध्ये तेल अल्-दबा इथंही असा खेळ भिंतींवर रंगवलेला सापडला, थेट मिनोअन शैलीत. नोसॉसचं मूळ चित्र आता हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. उंची चौकटीसह जेमतेम 78 सेंटिमीटर!