कुल्फी, आइस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट?



उन्हाळ्यात गोठ्यातलं दूध कमी होतं आणि गार खाणाऱ्यांची गर्दी नेमकी तेव्हाच होते. जत्रेत पोरांच्या हातात आपण जे देतो, त्यात दूध किती, ते आज बघू.

आइस्क्रीमचं मिश्रण गोठवता गोठवता घुसळतात, त्यामुळे त्यात हवा भरते. कायद्याप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची फॅट निदान १० टक्के हवी आणि एका लिटरचं वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नको. म्हणजे लिटरच्या डब्यात अर्ध्याच्या आसपास वाराच असू शकतो! तेव्हा भाव विचारताना लिटर नव्हे, ग्रॅम बघा.

फ्रोझन डेझर्ट दिसायला अगदी तसंच. फक्त त्यात दुधाच्या फॅटऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल असतं. ते काही विष नव्हे, पण तुमच्या म्हशीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. डब्यावर तसं छापलेलं असतं, तेवढं वाचा.

आता कुल्फी. हिच्यात घुसळणं नाही, म्हणून हवा नाही, आणि यंत्रही लागत नाही. डेअरीत ६.५ फॅट लागणारं १० लिटर म्हशीचं दूध आटवून ५ लिटर केलं, की फॅट दुप्पट, १३ च्या घरात जाते. गाईच्या दुधाला ३.५ ते ४ फॅट, ते तिसऱ्या हिश्श्यावर आणावं लागतं. आटवण्यात घाई करू नका. पाणी जास्त राहिलं की कुल्फीत बर्फाचे खडे दाताखाली येतात. ५ लिटरला सहाशे-सातशे ग्रॅम साखर पुरते. वेलची आवडीप्रमाणे.

दूध पूर्ण निवल्यावर साचे भरा आणि झाकणाची फट कणकेनं लिंपा. माठात ४ किलो फोडलेल्या बर्फाला १ किलो खडे मीठ मिसळून त्यात साचे पुरा. नुसता बर्फ शून्य अंशावरच राहतो, आटीव गोड दूध तेवढ्यानं गोठत नाही. मिठानं गारवा शून्याच्याही दहा-बारा अंश खाली उतरतो. अधूनमधून माठ हलवत राहा. आमच्या घरी एकदा कणीक लावायचा कंटाळा केला, तर सगळी खेप खारट झाली आणि पाहुण्यांसमोर हसं झालं ते वेगळंच.

कारखान्यातला बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही, म्हणून साचा काढल्यावर आधी वरून स्वच्छ पाण्यानं धुवा, मग उघडा. आणि विकायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात नोंदणीची चौकशी अगोदर करा.