कायद्याचा विद्यार्थी आणि बंद दार

वकिलीच्या धंद्याविषयीं मराठी समाजांत दोन परस्परविरुद्ध कल्पना फार दिवसांपासून नांदत आल्या आहेत. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें घरांतील वडील माणसें सांगतात. आणि घरांतलें एखादें मूल जरा चुणचुणीत बोलूं लागलें कीं, 'याला वकील करावें' असें तींच माणसें कौतुकानें म्हणतात. या दोन्ही कल्पनांत कायद्याच्या शिक्षणाचें खरें स्वरूप दिसत नाहीं. वकिली म्हणजे नुसतें वाक्पटुत्व नव्हे, आणि कज्जेदलाली तर नव्हेच. तें स्वरूप पाहण्यासाठीं नाशिकच्या विद्यार्थ्याला दूर जावयास नको. पंचवटींतून निघून गोदावरी ओलांडली कीं जिल्हा न्यायालयाची वाट लागते. पण कायद्याचे दोन मोठे धडे त्याला न्यायालयाबाहेरच मिळतात. एक नाशिकांत जन्मलेल्या एका मुलीच्या चरित्रांत आहे, आणि दुसरा पंचवटींतील काळाराम मंदिराच्या दारांशीं.

या शिक्षणाचा बाह्य मार्ग थोडक्यांत सांगतां येतो. मुंबईचें सरकारी विधि महाविद्यालय १८५५ सालीं निघालें, पुण्याचें लॉ कॉलेज १९२४ सालीं. आधीं पदवीधर व्हावें, मग एल्‌एल्. बी. करावें आणि सनद घ्यावी, असा त्या काळचा सामान्य क्रम होता. आज बारावीनंतर पांच वर्षांचा अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाप्रमाणें राज्याच्या बार कौन्सिलकडे नांव नोंदवावें लागतें; शिवाय बार कौन्सिलनें २०१० सालीं ठरविलेली अखिल भारतीय परीक्षाही उतरावी लागते. हा झाला मार्ग. त्या मार्गानें जाऊन काय मिळवावयाचें, हा खरा प्रश्न होय.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ सालीं नाशिक येथें झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. १८८९ सालीं त्या ऑक्सफर्डला गेल्या व १८९२ सालीं तेथील कायद्याची परीक्षा त्यांनीं दिली. पदवी मात्र स्त्रियांना पदव्या देण्याचा नियम १९२० सालीं होईपर्यंत त्यांना मिळूं शकली नाहीं. स्वदेशीं परतल्यावर १८९७ सालीं त्यांनीं मुंबईची एल्‌एल्. बी. केली. १९०४ पासून बंगालमध्यें कोर्ट ऑफ वॉर्ड्‌सच्या सल्लागार या नात्यानें पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतींचीं कामें त्यांनीं पाहिलीं. ज्ञान होतें, अनुभव होता, दाद मागणाऱ्या स्त्रियाही होत्या. नव्हता तो वकील म्हणून न्यायासनापुढें उभें राहण्याचा अधिकार. १९१६ सालीं रेजिना गुहा यांच्या अर्जावर कलकत्त्याच्या उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, वकिलांच्या कायद्यांत 'व्यक्ति' असा शब्द असला तरी त्यांत स्त्रीचा समावेश होत नाहीं. एका शब्दाच्या अर्थानें अर्ध्या समाजाला दार बंद केलें! पुढें १९२१ सालीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें सोराबजींना सनद दिली, आणि १९२३ सालीं स्वतंत्र कायदा होऊन ही बंदी देशभर उठली. शब्दांचा अर्थ लावणें ही विद्वानांची करमणूक नसून त्यावर माणसांचें आयुष्य अवलंबून असतें, हा येथला धडा आहे.

दुसरा धडा पंचवटींतला. २ मार्च १९३० रोजीं अस्पृश्य मानलेल्या समाजाची मोठी मिरवणूक काळाराम मंदिराशीं आली, तेव्हां मंदिराचीं दारें बंद होतीं. दुसऱ्या दिवशीं १२५ पुरुष व २५ स्त्रिया यांची पहिली तुकडी चारी दरवाजांशीं सत्याग्रहास बसली. या लढ्याचे नेते डॉ. भीमराव आंबेडकर हे लंडनच्या ग्रेज इनचे बॅरिस्टर. १९२३ पासून ते मुंबईस वकिली करीत होते. नाशिकांतील व्यवस्थेचा भार भाऊराव गायकवाड आणि त्यांचे सहकारी यांनीं उचलला. लढा १९३४ पर्यंत चालला. दार उघडलें नाहीं.

येथें कायद्याच्या विद्यार्थ्याच्या मनांत साहजिकच शंका येते. पुढारी बॅरिस्टर असतांना मंदिरासाठीं सरळ दिवाणी दावा कां नव्हे? त्या काळचे निवाडे चाळले म्हणजे या वाटेची अडचण दिसते. १८८३ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें एका मंदिराच्या गाभाऱ्यांत जाण्याचा चित्पावनांचा विशेष हक्क पळशे ब्राह्मणांविरुद्ध मान्य केला होता. १९०८ सालीं मद्रासकडील कमुदी येथील मंदिराच्या वादांत प्रिव्ही कौन्सिलनें नाडार समाजाला प्रवेश नाकारला. मंदिराच्या बाबतींत रूढि हाच कायदा, असें न्यायालयें म्हणत होतीं. पूर्वनिर्णय भिंतीसारखे उभे असतां दावा लावणें म्हणजे त्या भिंतींत आणखी एक दगड बसविण्यासारखें झालें असतें.

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट निराळी होती. तेथील नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें सर्वांना खुलें केल्याचा ठराव केला होता. डिसेंबर १९२७ मध्यें दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर कांहीं रहिवाशांनीं दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारों माणसें जमलीं असतांही डॉ. आंबेडकरांनीं तो हुकूम मानून तळ्यावर जाणें तहकूब केलें आणि वाद न्यायालयांत चालविला. मुद्दा एकच होता: अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढि आहे असें म्हणणाऱ्यांनीं ती शाबीत केली काय? महाडचें न्यायालय, ठाण्याचें जिल्हा न्यायालय आणि मुंबईचें उच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणीं फिर्यादी हरले. अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं लागला. शाबितीचा भार कोणावर, हें कलम परीक्षेपुरतें पाठ करणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, एका गांवाच्या पाण्याचा प्रश्न त्या भारावर जवळजवळ दहा वर्षें तोलला गेला.

मंदिराचें दार उघडलें तें शेवटीं कायदेमंडळाच्या हातून. १९४७ सालीं मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें हा गुन्हा ठरवून शिक्षा सांगितली. त्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. १९३५ सालीं ते मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि त्याच वर्षीं याच नाशिक जिल्ह्यांतील येवल्यास त्यांनीं धर्मांतराची घोषणा केली. सत्याग्रह, दावा आणि मसुदा हीं तिन्ही साधनें एकाच कायदेपंडितानें हाताळलीं. कोणतें केव्हां उपयोगी पडेल याची पारख हेंच त्याचें शिक्षण होतें.

हे धडे घेऊन आजच्या विद्यार्थ्यानें तयारी कशी करावी? पहिली गोष्ट, कलमांचे आंकडे नव्हे तर त्यांमागील तत्त्वें आत्मसात करावीं. १८६० ची दंडसंहिता आणि १८७२ चा पुराव्याचा कायदा पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा नव्या संहितांनीं घेतली. आंकडे बदलले, शाबितीचें तत्त्व ज्याला समजलें होतें त्याचें फारसें अडलें नाहीं. दुसरी गोष्ट, मूळ निवाडे वाचावे. टिपणांच्या तयार वह्यांवर वर्ष काढूं नये. तिसरी, मराठी उत्तम यावें. सातबारा, फेरफार, खरेदीखत, वांटणीपत्र हीं ज्याला नीट वाचतां येत नाहींत, त्याला जिल्ह्यांतील शेतकऱ्याचें गाऱ्हाणें न्यायाधीशापुढें मांडतां येणार नाहीं. चौथी, सुटीच्या दिवसांत विधि-सेवा केंद्रांतून गरिबांचे अर्ज लिहून द्यावे. १९८७ च्या कायद्यानें मोफत कायदेमदतीची सोय केलेली आहे, आणि त्या कामांत पुस्तकांतला माणूस प्रथम डोळ्यांपुढें येतो.

घरच्या मंडळींनींही एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या धंद्यांत पहिलीं वर्षें मिळकतीचीं नसतात. ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं फायली चाळणें, तारखा सांभाळणें, दिवसभर पाठीमागच्या बांकावर बसून उलटतपास ऐकणें, यांतच तीं जातात. न्यायाधीश होऊं इच्छिणाऱ्यासही ही उमेदवारी चुकत नाहीं. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें न्यायसेवेच्या पहिल्या पायरीसाठीं तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हां घातली ती याच कारणानें. या काळांत 'मिळकत किती?' असें रोज विचारण्यापेक्षां 'आज काय शिकलास?' असें विचारणारें घर त्या तरुणाला अधिक उपयोगी पडतें.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण खर्चाच्या आणि विलंबाच्या अनुभवांतून जन्मली आहे. तींत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्याच्यापुढें दार बंद आहे त्याला ती पायरी चढावीच लागते. त्या वेळीं त्याच्या सोबतीला कायदा जाणणारें आणि त्याचें म्हणणें आपलें मानणारें कोणी तरी असावें, एवढ्यासाठीं ही विद्या शिकावयाची असते.