भिंत कुणासाठी?

इथनं आटपाडी लांब नाही. औंध संस्थानानं १९३९ साली तिथं स्वतंत्रपूर वसवलं. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी बायकापोरांसह, बिनभिंतीचे, शेती करत राहिले. कल्पना मॉरिस फ्रीडमनची. व्ही. शांतारामांनी १९५७ ला त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, टाळ्या पडल्या. पडू द्या! पण त्याच काळात काहीही न केलेला पारधी, कैकाडी जन्मानंच गुन्हेगार. १८७१ पासून चालत आलेल्या कायद्यानं त्याच्यामागं हजेरी, सोलापुरात सेटलमेंटचं तारेचं कुंपण. तो कायदा १९५२ ला गेला, संशय कुठं गेला? १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं कोर्ट चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली माणसाला घरी सोडू शकतं. आपल्या पोरासाठी वकील हे मागतो का? विचारा त्याला, कोर्टाच्या पायरीवरच.